जलरंगात दुसरा थर दिला की खालचा उठतो, रंग गढूळ होतो: बिघाड कसा शोधायचा

पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, छान बसलेला असतो. पिवळा स्वच्छ, त्यातून कागदाचा पांढरा उजेड बाहेर येतोय. त्यावर निळ्याचा एक पातळ थर दिला की पानांमधली हिरवी सावली मिळणार, असा बेत असतो. ब्रश टेकतो आणि खालचा पिवळा जागचा हलतो. दोन-तीन फटकाऱ्यांत मध्ये फिकट चट्टा पडतो, कडेला मळकट रेघ साचते आणि हिरव्याऐवजी काहीतरी राखाडी-शेवाळी तयार होतं. पुढच्या चित्रात जास्त काळजी घेतली तरी पुन्हा तेच.

ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या थरावर पारदर्शक रंगाचा दुसरा पातळ थर चढवणं, शिकताना ही तक्रार हमखास येते. सल्लेही हमखास मिळतात: नीट वाळू द्या, हात हलका ठेवा, चांगला कागद घ्या. तिन्ही सल्ले खरे आहेत. पण बिघाड रंगांच्या निवडीत असेल तर कागद रात्रभर वाळवूनही फरक पडणार नाही, आणि कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून केलेली प्रक्रिया) गेलं असेल तर हात कितीही हलका ठेवा, डाग पडणारच. ‘रंगाचा चिखल झाला’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी बिघडलेली जागा नीट बघायची, मग उपायाला हात घालायचा.

आधी डाग नीट बघा

चित्र पूर्ण वाळू द्या. मग खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात धरा आणि बिघडलेल्या जागेकडे अगदी जवळून बघा.

ब्रश जिथून गेला त्या वाटेवर खालचा रंग फिकट झालाय आणि फटकारा जिथे संपला तिथे तो साचलाय, असं दिसलं तर खालचा थर उठला आहे. सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड हाच.

फुलकोबीसारखी नक्षीदार कड दिसत असेल, तर अर्धवट ओल्या थरात जास्तीचं पाणी शिरलं आहे. इथे दुसऱ्या थराचा दोष नाही, वेळ चुकली.

थर एकसारखा आहे, कडा स्वच्छ आहेत, काहीच हललेलं नाही, तरीही रंग मेलेला दिसतो. मग हाताचं आणि कागदाचं ठीक आहे, रंगांची जोडी चुकली.

गडद भागावर दुधाळ साय आल्यासारखं वाटतंय, सावली गडद होण्याऐवजी फिकी पडली आहे. वरचा रंग अपारदर्शक होता.

आणि एकाच थरातही अधूनमधून गडद ठिपके, चट्टे पडलेत, ते ब्रशच्या वाटेशी जुळत नाहीत. हा कागदाचा दोष. कागदाचे तंतू वर आलेले, पृष्ठभाग केसाळ झालेला दिसत असेल तर तिथे घासाघीस झाली आहे.

दोन बिघाड एकत्रही असतात. पण एक कुठला तरी मुख्य असतो, आणि तो सुटला की दुसऱ्याचं निम्मं काम होतं.

खालचा थर उठतो तो का

जलरंगात रंगद्रव्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, गम अरेबिक. हा डिंक वाळला तरी पाण्यात विरघळण्याचा गुण सोडत नाही. ॲक्रिलिक वाळलं की त्याचं न विरघळणारं पापुद्र्याजोगं आवरण बनतं, जलरंगात तसं काही घडत नाही. पॅलेटवर वाळलेला रंग महिन्यांनी पाण्याने पुन्हा जागा होतो, तोच डिंक तुमच्या पहिल्या वॉशमध्येही आहे. त्यामुळे खालचा थर उठणं हा अपघात नाही, तो जलरंगाचा स्वभाव आहे. डिंक पाणी पिऊन सैल व्हायच्या आत वरचा थर देऊन ब्रश उचलायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

खालचा रंग सैल व्हायला तीन गोष्टी लागतात: पाणी, वेळ आणि घर्षण. पाणी तर टाळता येत नाही. वेळ आणि घर्षण कमी करता येतं. आणि मुळात उठण्याजोगा रंग खाली कमी ठेवता येतो. या शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून त्यावर पुढे थोडं सविस्तर लिहितो.

पण आधी वाळण्याबद्दल. चकाकी गेली म्हणजे वॉश वाळला, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. चकाकी जाते तेव्हा फक्त पृष्ठभागावरचं मोकळं पाणी संपलेलं असतं. ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरचं वजन) कापसाचा कागद जाड असतो, त्याच्या पोटात अजून ओल असते. या अवस्थेत दिलेला थर सगळ्यात वाईट बसतो, कारण खालचं रंगद्रव्य ना मोकळं वाहतं, ना घट्ट धरलेलं असतं. बोटांची मागची बाजू कागदाला अलगद टेकवा. बाजूच्या कोऱ्या कागदापेक्षा गार लागला तर तो ओला आहे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला कागद गार लागतो. कागद मागच्या बाजूनेही चाचपा. फुगून लाटा आलेल्या असतील तर त्या बसेपर्यंत थांबा.

हेअर ड्रायर वापरायला हरकत नाही, पण त्याची दोन पथ्यं आहेत. थर ओलाचिंब असताना झोत मारला तर पाणी ढकललं जाऊन कडा तयार होतात. चकाकी गेल्यावरच, लांबून, हात सतत फिरवत वापरा. दुसरं, वाळवल्यावर कागद गार होऊ द्या. गरम कागदावर गारव्याची परीक्षा चालत नाही, आणि त्यावर दिलेला थर मधेच सुकून पट्टे पडतात. मध किंवा ग्लिसरीन जास्त असलेले रंग दमट हवेत बराच वेळ चिकट राहतात. असे रंग जाड लावले असतील तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी हे उत्तम.

पहिला थर जाड आहे का?

आता तो दुर्लक्षित मुद्दा. पातळ वॉशमधले रंगद्रव्याचे कण कागदाच्या तंतूंमध्ये शिरून अडकतात. रंग दाट असेल तर तंतूंमधली जागा भरून गेल्यावर उरलेले कण वर नुसते पडून राहतात, त्यांना फक्त डिंकाचा आधार असतो. पाण्याने डिंक सैल झाला की हे वरचे कण आधी निघतात आणि वरच्या थरात मिसळतात. अशा जागी मग ब्रश मऊ असो, हात हलका असो, कागद खडखडीत वाळलेला असो, रंग उठतोच.

ओळखायचं कसं? वाळलेल्या थराला तिरप्या उजेडात किंचित चमक दिसते किंवा धातूसारखी झाक मारते. स्वच्छ टिश्यू जरासा ओलसर करून कोपऱ्यात टेकवा, घासू नका, फक्त टेकवून उचला. टिश्यूवर रंगाचा ठळक ठसा आला तर वर मोकळा रंग आहे.

यावर एक जुना आणि मला फार आवडणारा उपाय आहे: पुढचा थर देण्याआधी तो मोकळा रंग मुद्दाम धुऊन काढायचा. रुंद, अगदी मऊ ब्रश स्वच्छ पाण्यात भिजवून वरून खाली एकेकदाच फिरवा, बोर्ड कलता ठेवा, खाली जमलेलं पाणी टिश्यूने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. रंग थोडा फिका होईल, पण जे उरेल ते कागदात बसलेलं असेल. चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांची वॉश पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये कोलकात्यात आले होते. ताइकान यांची चित्रावरून पाण्याचा ब्रश फिरवण्याची रीत अवनींद्रनाथांनी जवळून पाहिली, आणि पुढे ते रंगवलेला कागदच पाण्यात बुडवू लागले. सैल रंग पाण्यात निघून जायचा, बसलेला राहायचा, कागद वाळला की त्यावर पुढचा थर. त्यांच्या चित्रांमधला तो धूसर, आतून येणारा उजेड असा थराथराने धुऊन आलेला आहे. आपल्याला चित्र बुडवायची गरज नाही, पण धुण्यामागचा विचार रोजच्या कामात उपयोगी पडतो.

मात्र अल्ट्रामरीनसारखा सहज सुटणारा रंग असेल तर हे धुणं बेताने करा, नाहीतर सगळंच आकाश टिश्यूवर येईल.

हात आणि ब्रश

‘हात हलका ठेवा’ हा सल्ला अपुरा आहे, कारण हलक्या हाताने दहा वेळा फिरवलेला ब्रश एकदा ठामपणे फिरवलेल्या ब्रशपेक्षा जास्त नुकसान करतो. मोजायचं ते किती वेळा टेकलं हे.

बोर्डाला साधारण १५ अंशांचा उतार द्या. रंग आधीच कालवून ठेवा, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. मध्येच रंग संपला आणि तुम्ही पॅलेटकडे वळलात की तेवढ्यात कड वाळते आणि तिथे जोड दिसतो. ब्रश भरपूर भरा, पण गळेल इतका नाही. वरच्या कडेने आडवा फटकारा ओढा. त्याच्या खालच्या काठावर रंगीत पाण्याची एक भरीव ओळ जमलेली दिसेल. पुढचा फटकारा या ओळीला फक्त स्पर्श करून ती खाली ओढतो. मागच्या फटकाऱ्यावर चढत नाही. असं करत खाली या. शेवटी उरलेली ओळ, ब्रश झटकून निथळवून, त्याच्या टोकाने टिपून घ्या.

मागे वळून बघायचं, पण मागे वळून ब्रश लावायचा नाही. मध्ये एखादी पांढरी फट राहिली तर राहू द्या, थर वाळल्यावर ती बारीक ब्रशने भरता येते. ओल्यातच ती भरायला जाल तर तेवढ्या जागेत खालचा थर सैल झालेला असतो, आणि ब्रश नेमका तिथेच दुसऱ्यांदा घासतो. बहुतेक चट्टे अशा दुरुस्तीतूनच पडतात.

ब्रश खारीच्या केसांचा मॉप (जाड, गोल, मऊ ब्रश) असेल किंवा रुंद हाके ब्रश (चपटा, मऊ केसांचा जपानी ब्रश) असेल तर उत्तम. मऊ केसांच्या सिंथेटिकनेही काम भागतं. ताठ, उसळी मारणारा सिंथेटिक मात्र ग्लेझिंगला नको. त्याची टोकं कागद खरवडतात. रंग उठवायचा असेल तेव्हा याच गुणासाठी तो हाताशी ठेवा.

कुठला रंग खाली, कुठला वर

सगळे रंग सारखे उठत नाहीत. (कंसात रंगद्रव्याचे कोड दिले आहेत, ते ट्यूबवर छापलेले असतात.) थॅलो ब्लू (पीबी१५), थॅलो ग्रीन (पीजी७), क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही१९) यांचे कण अतिशय बारीक असतात. ते तंतूंमध्ये रुततात आणि सहसा पूर्ण निघत नाहीत. अल्ट्रामरीन (पीबी२९), कोबाल्ट ब्लू (पीबी२८), सेरुलियन (पीबी३५), व्हिरिडियन (पीजी१८) हे तुलनेने जाड कणांचे रंग कागदावर बसतात आणि पाणी लागलं की सहज उठतात. व्हिरिडियन आणि थॅलो ग्रीन ट्यूबमधून काढल्यावर बरेच जवळचे दिसतात, पण खालच्या थरात एक जागचा हलत नाही आणि दुसरा पहिल्याच फटकाऱ्यात ब्रशवर येतो.

म्हणून साधा क्रम असा: कागदाला धरणारे रंग खाली, सुटणारे आणि दाणेदार रंग वर. बर्न्ट सिएनाच्या पातळ, नीट वाळलेल्या थरावर अल्ट्रामरीन दिला तर त्याचे दाणे वर मोकळे दिसतात, खालची ऊब त्यांच्यामधून डोकावते. तेच उलट केलं तर सिएना लावताना अल्ट्रामरीनचे दाणे निघून येतात आणि दोन्ही एकमेकांत मिसळून राखाडी होतात. अर्थात अल्ट्रामरीन खाली हवाच असेल, उदाहरणार्थ आकाशात, तर त्याच्यावर एकच थर द्यायचा आणि एकाच दमात द्यायचा, हे ठरवून घ्या.

नावावर विश्वास ठेवू नका, ट्यूबवरचा कोड वाचा. सॅप ग्रीन, हूकर्स ग्रीन, पेन्स ग्रे ही नावं कंपनीनुसार वेगवेगळ्या मिश्रणांना दिलेली असतात.

काहीच उठलं नाही, तरी रंग मळका

इथे थोडं प्रकाशाबद्दल बोलायला हवं. पारदर्शक थरात प्रकाश वरून आत जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा थरांमधूनच बाहेर येतो. म्हणजे प्रत्येक थर प्रकाशातला आपला वाटा दोनदा कापून घेतो. पिवळा थर मुख्यतः निळा प्रकाश शोषतो, लालसर थर हिरवा शोषतो, निळा थर लाल शोषतो. तिन्ही एकावर एक दिले की उरतं ते थोडंसं, सगळ्या रंगांचं सारखं कमी झालेलं. त्यालाच आपण राखाडी म्हणतो.

तेव्हा गढूळपणा थरांच्या संख्येने येत नाही. एकाच थॅलो निळ्याचे पाच पातळ थर द्या, तो गडद आणि खोल होईल, चिखल होणार नाही. गढूळ होतो तो वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या गर्दीने. सॅप ग्रीनमध्ये आधीच दोन-तीन द्रव्यं, त्यावर एखादा तयार जांभळा म्हणजे आणखी दोन, वर सावलीसाठी पेन्स ग्रे म्हणजे पुन्हा दोन-तीन. तीनच थर झाले, पण कागदावर सहा ते आठ द्रव्यं एकमेकांचा प्रकाश खात बसली. ग्लेझिंगसाठी एकाच रंगद्रव्याच्या ट्यूब वापरा आणि एका जागी शक्यतो तीन द्रव्यांच्या पुढे जाऊ नका. हा नियम मोडून सुंदर चित्रं काढणारे लोक आहेत, पण रोज गढूळ होणाऱ्यांनी काही दिवस तरी तो कडक पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट छटेची. अल्ट्रामरीन लालसर निळा आहे. तो केशरी झाक असलेल्या पिवळ्यावर दिला की त्या दोघांमधला लाल हिरव्याला मारतो आणि ऑलिव्हसारखा मंद रंग मिळतो. थॅलो ब्लू हिरवट निळा. तो लिंबाच्या छटेच्या पिवळ्यावर दिला की हिरवा खणखणीत येतो. मंद हिरवा वाईट असतो असं नाही, झाडीच्या सावलीत तोच शोभतो. पण तो हवा म्हणून आलेला असावा.

पूरक रंग एकमेकांवर चढवायचे असतील, जसे निळ्यावर केशरी किंवा हिरव्यावर लाल, तर वरचा थर खूप पातळ ठेवा. पातळ थरात ते रंगाला फक्त शांत करतात. दोन्ही दाट झाले की जागा निर्जीव होते. सावली लवकर गडद करायच्या घाईत नेमका हाच दाट थर दिला जातो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, ओला असताना बरोबर वाटलेला थर नंतर कमी वाटतो, म्हणून पुढच्या वेळी हात सैल सुटतो. त्यापेक्षा पहिलाच वॉश इच्छित गडदपणाच्या अर्ध्यापर्यंत आणा आणि उरलेलं एक-दोन थरांत पूर्ण करा. सात फिकट थरांपेक्षा तीन नेमके थर केव्हाही ताजे दिसतात.

पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंग कालवायला. पिवळ्याचा ग्लेझ निळसर पाण्यात कालवला तर पुढचं काहीच वाचवता येत नाही.

दुधाळ साय

कॅडमियमचे पिवळे आणि लाल (पीवाय३५, पीआर१०८), सेरुलियन, आणि पांढरा मिसळलेले रंग, जसा बहुतेक कंपन्यांचा नेपल्स यलो, हे प्रकाश आरपार जाऊ देत नाहीत, वरूनच परतवतात. गडद भागावर ते दिले की साय धरते. अनेक ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो: रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे अर्धपारदर्शक, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक. खूण नसेल तर घरी पाहता येतं. जलरोधक काळ्या शाईने जाड रेघ मारा, वाळू द्या, तिच्यावरून प्रत्येक रंगाची पट्टी न्या. वाळल्यावर काळ्यावर जो रंग दिसतो तो अपारदर्शक, जो तिथे नाहीसा होतो तो ग्लेझिंगचा.

कडा आणि फुलोरे

वॉशच्या काठावर गडद रेघ येण्याचं कारण १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात मांडलं गेलं. त्यात सांडलेल्या कॉफीच्या डागाला गडद कड का येते याचा अभ्यास होता: थेंबाची कड जागची हलत नाही, तिथलं पाणी उडत राहतं, त्याची भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कण घेऊन जातं. कागदावरही हेच घडतं. म्हणजे थरात जितकं पाणी जास्त साठेल तितकी कड ठळक. जिथे कड नको तिथे थर ओला असतानाच स्वच्छ, निथळलेला ब्रश तिच्या बाहेरून फिरवून ती विरवून टाका. किंवा थर चित्रातल्या एखाद्या खऱ्या हद्दीपर्यंत, छपराच्या कडेपर्यंत किंवा खोडाच्या रेषेपर्यंत, नेऊन सोडा. अधांतरी संपणारी कडच डोळ्यांना खुपते.

फुलोरा, म्हणजे ती फुलकोबीसारखी कड, टाळायला एकच गोष्ट लक्षात ठेवा: चकाकी जायला लागली की त्या जागेत कागदापेक्षा जास्त ओला ब्रश न्यायचा नाही.

कागदाचं दुखणं

कागद पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला सायझिंग केलेलं असतं. काही कागदांत ते लगद्यातच मिसळतात, काहींना वरून जिलेटिनचाही थर देतात. कागद दमट जागी बरेच दिवस पडला की हे सायझिंग ठिकठिकाणी निकामी होतं. तिथे रंग एकदम आत ओढला जातो आणि गडद ठिपका पडतो. संशय आला की कागदाच्या कोपऱ्यावर नुसतं स्वच्छ पाणी फिरवून बघा. जिथे पाणी वर न थांबता लगेच आत जिरतं आणि काळसर चट्टा दिसतो, तो कागद ग्लेझिंगसाठी बाद. रेखाटनाच्या सरावाला, ओल्यात ओल्या रंगाच्या प्रयोगांना तो चालेल.

लाकडाच्या लगद्याच्या कागदावर उलट अडचण असते. रंग बराचसा पृष्ठभागावरच राहतो, त्यामुळे पुसून काढायला सोपा आणि थर चढवायला अवघड. अशा कागदावर दोनच्या पुढे थर देऊ नका. कापसाच्या कागदावर रंग थोडा आत रुततो, थर टिकतात. कापसाचा कागद महाग असतो, पण रंगांवरचा खर्च कमी करून तो कागदाकडे वळवला तर या कामात फरक लगेच दिसतो. विद्यार्थी दर्जाच्या रंगांनीही चांगल्या कागदावर नीट ग्लेझिंग होतं, उलटं होत नाही. हॉट प्रेस कागद गुळगुळीत असतो, त्यावर खरखरीत कोल्ड प्रेसपेक्षा थर लवकर उठतो.

खोडरबर जोरात फिरवला असेल किंवा मास्किंग फ्लुइड (पांढरी ठेवायची जागा तात्पुरती झाकणारा द्रव) ओढून काढताना पापुद्रा निघाला असेल तर तेवढी जागा कायम वेगळी वागते.

बिघडलंच आहे, तर

पहिली गोष्ट, ओल्यात हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर ओलसर ब्रश बिघडलेल्या जागी फिरवा, रंग सैल होऊ द्या, टिश्यू टेकवून उचला. टिश्यूची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा. तंतू वर यायला लागले की थांबा, मग कितीही रंग उरला असेल तरी. पुन्हा वाळवा. चट्टेरी भागांना एकत्र आणायला एकाच पारदर्शक द्रव्याचा अगदी पातळ थर बराच उपयोगी पडतो, जसा निकेल ॲझो यलो (पीवाय१५०) किंवा क्विनाक्रिडोन रोझ. पांढऱ्याने झाकायचा मोह टाळा. त्याच्यावर पुढचा थर दिला की खडूसारखी राखाडी झाक येते.

एखाद्या चित्रात खालचा थर हलताच कामा नये, असं असेल तर तो पातळ केलेल्या ॲक्रिलिक शाईने द्या. ती वाळली की पाण्याने सुटत नाही. मात्र तिचा थर इतका जाड नको की वरचा जलरंग कागदात शिरूच शकणार नाही.

पुढच्या चित्राआधी एक पट्टी

ज्या कागदावर चित्र काढणार त्याचीच, हाताच्या पंजाएवढी पट्टी कापा. चित्रात वापरायच्या रंगांचे उभे पट्टे द्या, खडखडीत वाळवा. मग तेच रंग त्याच क्रमाने आडवे न्या, प्रत्येक एकाच फटकाऱ्यात. प्रत्येक छेदावर दोन रंग कसे जुळतात, कुठे खालचा उठतो, कुठे साय येते, सगळं एका नजरेत कळतं. पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा हे दोन छेद शेजारी ठेवून बघा. ते सारखे नसतात. पट्टीच्या मागे कोड आणि क्रम लिहून ठेवा.

पट्टी स्वच्छ आली आणि चित्रात मात्र तेच रंग उठले, तर रंग आणि कागद दोन्हींचा दोष नाही. मग दोष तीनपैकी एकात असतो: चित्रातला पहिला थर पट्टीपेक्षा दाट होता, तो पुरता वाळला नव्हता, किंवा मोठ्या जागेवर ब्रश मागे फिरला. चित्राच्या त्याच जागी गारवा तपासा, टिश्यू टेकवून बघा. दोन्हींत काही सापडलं नाही, तर पुढच्या वेळी ब्रश एक नंबर मोठा घ्या आणि रंग दुप्पट कालवा.